आत्याबाईंची पाटली

आमच्या घरात सोनं कधी फार नव्हतं. पण त्या वर्षी सोन्यावरून जेवढं रडणं झालं, तेवढं एखाद्या सराफाच्या घरीही होत नसेल. आणि त्या रडण्याचा सोन्याशी काही संबंधच नव्हता, हे कळायला आम्हाला सात आठवडे लागले. कुणी म्हणेल, उज्ज्वला, तू सून, परघरची, तुला कसं कळणार? पण दिवसरात्र सासूबाईंच्या उशाशी मीच होते. तेव्हा पहिला दोष माझा, मग बाकीच्यांनी आपापला वाटून घ्यावा.

सरलाबाई माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. सत्त्याण्णव साली उत्तरायणाला आठ दिवस राहिले असताना, सकाळी नळावर हंडा भरताना त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय आणि जीभ, तिन्ही एकदम गेले. सरकारी दवाखान्यात अकरा दिवस काढून आम्ही त्यांना सुरतेतल्या लिंबायतच्या घरी आणलं आणि पुढच्या खोलीत खिडकीखाली खाट टाकली.

माझं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं आणि मला पाचवा महिना लागला होता. माहेर शिरपूरजवळचं. घरात सासरे, ज्यांना सगळे नाना म्हणतात, त्यांची बमरोलीला लूमवर पाळी. माझा नवरा चेतन कतारगामला हिऱ्याच्या कारखान्यात. दोघं गेले की घरात मी आणि आत्याबाई. आमची गल्ली म्हणजे अमळनेर-पारोळ्याचाच उचलून आणलेला तुकडा. दळण टाकण्यापासून भांडणापर्यंत सगळं अहिराणीत. मला सुरतेत येऊन गुजराती शिकायची वेळच आली नव्हती, आणि मी ती आणलीही नव्हती.

आत्याबाई मात्र वीस वर्षं रिंगरोडच्या कापड मार्केटात जात होत्या. साड्यांच्या एका मोठ्या दुकानात काचेमागे सहा पुतळे उभे असत. त्यांना रोज नव्या साड्या नेसवायच्या, हे त्यांचं काम. घरी त्या मार्केटबद्दल फार बोलत नसत. पण साडी कशी नेसावी याचं त्यांना वेडच होतं. मी लग्न होऊन आले त्या पहिल्याच आठवड्यात माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या होत्या, "उज्ज्वला, ह्या निऱ्या शेत का गवारनी जुडी?" आणि सगळी साडी सोडायला लावून पुन्हा नेसवली होती. मला राग आला होता. निऱ्या मात्र दिवसभर हलल्या नाहीत.

दीड वर्षात मी त्यांना साडीशिवाय एकदाही पाहिलं नव्हतं. ताप असो, पाहुणे असोत, गच्चीवर पापड वाळत असोत, अंगावर चापून नेसलेली साडी आणि नाना समोर आले की डोक्यावर पदर. दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांच्या अंगात मी माझी मॅक्सी घातली.

मी तरी काय करणार होते? दिवसातून चार-पाचदा अंथरूण ओलं व्हायचं. पाठ टेकलेली, कमरेखालून निम्मं अंग निर्जीव, आणि मी अशी पोटुशी. पाच वारांची साडी त्या अंगाखालून काढायची आणि घालायची कशी? मॅक्सी मागून उभी चिरली, दोन बंद लावले, काम झालं. शेजारच्या बायकासुद्धा म्हणाल्या, पोरगी हुशार आहे. मलाही तेव्हा स्वतःचं कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू.

घरी आल्यावर पाचव्या दिवशी त्या बोलल्या. मी तोंड पुसत होते. डावा हात उचलून त्यांनी पोटावर ठेवला आणि म्हणाल्या, "पाटली."

मी आनंदाने ओरडलेच. शेजारणी धावत आल्या. तो एकच शब्द, पण अगदी स्वच्छ. नंतर मी पाणी दिलं तरी पाटली, वरण भरवलं तरी पाटली. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, असं होतं, सगळे शब्द जातात आणि एखादाच राहतो, त्याचा फार अर्थ काढत बसू नका. पण अर्थ न काढता कसं राहायचं? त्या काही पोपट नव्हत्या. हात पोटावर ठेवायच्या, आमच्याकडे बघायच्या, मान हलवायच्या आणि म्हणायच्या, "पाटली." मी भांडं द्यायचे. भांडं नको असायचं. मी भरवायला घ्यायचे. घास नको असायचा. मग डोळ्यांत पाणी.

नानांनी तो शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा ते दारात चप्पल काढत होते. तसेच एक चप्पल पायात ठेवून उभे राहिले.

"काय म्हनस ती?" त्यांनी मला विचारलं.

"पाटली म्हनतस, नाना."

ते हातपाय न धुता उंबऱ्यावर बसून राहिले. मग चेतननं मला सांगितलं तेव्हा उलगडा झाला. आत्याबाईंच्या हातात त्यांच्या आईच्या सोन्याच्या दोन पाटल्या होत्या. तीन वर्षांपूर्वी माझ्या नणंदेचं, छायाचं लग्न झालं. तेव्हा मांडवात सगळ्यांसमोर त्यांनी स्वतःच्या हातातल्या पाटल्या उतरवून छायाच्या हातात घातल्या. नाना त्या वेळी म्हणाले होते, "तुले दुसऱ्या करी दिसू." केल्या नाहीत. आत्याबाईंनी विचारलं नाही, नानांनी विषय काढला नाही, आणि त्यांच्या हातात काचेच्या बांगड्याच राहिल्या.

आता त्या रोज पाटली मागत होत्या. नाना घरात आले की जास्तच. ते खाटेकडे यायला लागले की त्या तोंड भिंतीकडे फिरवायच्या, डावा हात मॅक्सीवर ओढून घ्यायच्या आणि रडत म्हणायच्या, "पाटली, पाटली." त्या बिचाऱ्या माणसाला दुसरं काय वाटणार? त्यांनी बायकोजवळ बसणं सोडलं. कामावरून आले की बाहेरच्या पायरीवर, दाराकडे पाठ करून बसायचे. मी चहा तिथेच नेऊन द्यायचे.

एकदा ते बाजारातून सोन्याचं पाणी दिलेल्या दोन पाटल्या घेऊन आले. लिंबायतच्या बाजारात अशा ढिगाने मिळतात. खाटेपाशी वाकून त्यांनी त्या बायकोच्या हातात घातल्या. आत्याबाईंनी हाताकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं आणि हात झटकला. पाटली घरंगळत मोरीपर्यंत गेली.

"वळखी लिधं तिनी," नाना मला हळूच म्हणाले. "खोट्या शेत म्हनीसन." पाटल्या खिशात कोंबून ते निघून गेले. मला त्यांची इतकी कीव आली की मी आत्याबाईंवरच रागावले. म्हटलं, आहे त्यात समाधान नाही का, नवऱ्याला किती छळाल? असं बोलले मी. एका आजारी बाईला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि पोटावर हात ठेवून पुन्हा तेच म्हणाल्या.

मग छायाशी बोलण्याची अक्कल मलाच सुचली.

छाया बमरोलीला राहते. आई आजारी पडल्यापासून एक दिवसाआड यायची, डोकं विंचरायची, पाय चेपायची. तिच्यासमोर आत्याबाई तो शब्द म्हणायच्या, पण आम्ही तिला काही बोललो नव्हतो. तिला वाटायचं, आई तिच्या हातातल्या पाटल्या ओळखतेय. त्या दिवशी मी तिला स्वयंपाकघरात नेऊन सगळं सांगितलं. नानांच्या खोट्या पाटल्यांचंही सांगितलं. छायाचा चेहरा उतरला. ती मोरीत गेली आणि हाताला साबण चोळू लागली. लग्नानंतर हात भरले होते, पाटल्या निघेनात. ओरबाडून काढल्या. मनगट लालभडक झालं.

ती खाटेवर आईजवळ बसली. "माय, तुन्या पाटल्या तुले परत जोयजेत का? ले. मना हातमा ऱ्हायन्या काय आन् तुना हातमा काय."

आत्याबाईंच्या हातात तिने त्या चढवल्या. हात इतका वाळला होता की पाटल्या कोपरापर्यंत सरकल्या. आत्याबाईंनी लेकीच्या लाल मनगटाकडे पाहिलं आणि असा आवाज काढला, जसा मी माणसाच्या तोंडून पूर्वी ऐकला नव्हता. त्या हात झटकू लागल्या, खाटेच्या माच्यावर आपटू लागल्या. छाया हात धरायला गेली तर तिला ढकललं. "पाटली! पाटली! पाटली!"

"दिध्या ना!" छाया रडत ओरडली. "आनखी काय दिऊ? तूच दिध्या व्हत्यात ना मले, सगळा गावसमोर? आते कसाले रडस?"

ती निघून गेली. पाटल्या खाटेवरच टाकून गेली. सासरी रिकाम्या मनगटाने गेली, त्याचं तिच्या सासूने काय केलं असेल ते सांगायला नको. दुसऱ्या दिवशी जावई, लखनराव, येऊन पाटल्या घेऊन गेले आणि चहाला थांबले नाहीत. त्यानंतर छाया आली नाही.

आणि त्या दिवसानंतर आत्याबाईंनी पाटली म्हणणं बंद केलं. तेवढा एकच शब्द होता, तोही गेला. पाणी दिलं तर प्यायच्या, नाही दिलं तर नाही. पोटावर हात ठेवायच्या, तेही थांबलं. आमचा मूर्खपणा बघा, आम्हाला हायसं वाटलं. चेतन म्हणाला, "आते शांत वाटस तिले."

तीन आठवड्यांनी, एका दुपारी, भानुबेन आली. भानुबेन आत्याबाईंबरोबर त्याच दुकानात कामाला होती. ती इतके दिवस नवसारीकडच्या आपल्या गावी, मुलीच्या बाळंतपणाला गेली होती, आणि परतल्यावर दुकानात तिला कळलं. दारातून आत आली, खाटेकडे बघितलं आणि जागच्या जागी थांबली.

"सरलाबेन!" ती म्हणाली, आणि मग माझ्याकडे वळून, "आ शुं पेराव्युं छे?"

हे काय घातलंय यांना, एवढं गुजराती मलाही कळलं. मी मॅक्सीची कारणं सांगू लागले. ती मान हलवत होती, पण पटलेलं दिसत नव्हतं. मग आत्याबाईंच्या केसांवरून हात फिरवत तिने विचारलं, काही बोलतात का? मी आपली रडकथा सुरू केली. अर्धं मराठी, अर्धं मोडकं हिंदी. सांगितलं, की महिनाभर रोज सोन्याची पाटली मागत होत्या, लेकीची दिली तर फेकली, घर पार उसवून गेलं.

"सोने की?" भानुबेन म्हणाली. "सोने की बोला उसने?"

"नाही, नुसतं पाटली. पोटावर हात ठेवून पाटली."

भानुबेन माझ्याकडे बघतच राहिली. मग उठून उभी राहिली. स्वतःच्या साडीच्या पुढच्या निऱ्या तिने बेंबीपाशी मुठीत धरल्या आणि मला दाखवल्या.

"आने पाटली के'वाय, बेटा," ती म्हणाली. "ये पाटली. साडीनी पाटली."

मी त्या मुठीतल्या निऱ्यांकडे बघत होते. गुजरातीत त्यांनाच पाटली म्हणतात. भानुबेन सांगत होती, की दुकानात सकाळपासून रात्रीपर्यंत हाच शब्द, याची पाटली नीट कर, त्याची पाटली सुटली, आणि सरलाबेनसारखी पाटली अख्ख्या मार्केटात कुणाची पडत नव्हती. मला पुढचं नीट ऐकू आलं नाही. घरातले सगळे शब्द त्यांना सोडून गेले होते. निऱ्या हा शब्दही गेला होता. वीस वर्षं दुकानात उच्चारलेला तेवढा एक हाताशी राहिला, आणि तो घेऊन त्या आमच्याकडे रोज पदर पसरत होत्या. मला साडी नेसवा. मी नवऱ्यासमोर अशी उघडी पडणार नाही. एवढंच. आणि आमच्या कानांत सोनं भरलं होतं. चेतन दिवसभर गुजरातीत बोलतो, पण हिरे घासणाऱ्यांना निऱ्यांशी काय देणंघेणं? 

भानुबेनने मला हलवलं. "चाल, साडलो लाव."

मी ट्रंकेतून त्यांची जांभळी सुती साडी काढली. आम्ही दोघींनी त्यांना कुशीवर वळवलं, परकर चढवला, ब्लाऊजची उजवी बाही कापून घातली. भानुबेन बोलत होती, मला नाही, आत्याबाईंना. पुतळ्यालाही पाय उचलता येत नाही ना सरलाबेन, तरी आपण नेसवतो ना, असं काहीतरी. साडी अंगाखालून सरकवली. मग तिने मला म्हटलं, पाटली तू वाळ, म्हणजे निऱ्या तू घाल. मी वाकून निऱ्या घालू लागले. सात झाल्या. गवारीची जुडी नाही, एकीवर एक सरळ. त्या मी परकरात खोचल्या आणि डोक्यावर पदर दिला.

मी आरसा आणला. "आत्याबाई, बघा. पाटली."

त्यांनी आरशात बघितलं नाही. वर छताकडे बघत राहिल्या.

"पाटली, आत्याबाई. चुकनं आमनं. बोला ना."

काही नाही. बोलायच्या दिवसांत त्या बोलल्या होत्या, शंभर वेळा, दोनशे वेळा.

मी शेजारच्या एसटीडीवाल्याकडून बमरोलीला फोन लावला. छाया रिक्षा करून आली. दारातच मी तिला पाटलीचा अर्थ सांगितला. ती खाटेच्या पायथ्याशी बसली आणि खालून निऱ्यांचे काठ जुळवू लागली. लहानपणी आई कामावर निघाली की खाली बसून हेच करायची, म्हणाली. एकेक निरी चिमटीत धरून सरळ करत होती आणि म्हणत होती, "माय, एकडाव म्हन ना. एकच डाव." आत्याबाईंनी डोळे मिटले. चार वाजता छायाला परत जायचं होतं, सासरी सांगून आली नव्हती. भानुबेनही दुकानावर गेली.

साडेपाचला नाना आले. पायरीवर बसायला वळले, तेवढ्यात त्यांना आतली जांभळी साडी दिसली. मी सगळं सांगितलं. ते ऐकताना भिंतीला धरून उभे होते. कितीतरी दिवसांनी ते खाटेपाशी गेले आणि स्टुलावर बसले.

"मी समजनू नही वं, सरला," ते म्हणाले. "माले वाटनं, तू मनावर रुसनी."

त्यांनी बायकोचा डावा हात आपल्या हातात घेतला. आत्याबाईंनी तोंड फिरवलं नाही. नाना तसेच बसले आणि मी चहा आत नेऊन दिला. घर पुन्हा घरासारखं वाटलं. मला वाटलं, जमेल. सकाळी शेजारणीला हाक मारू, रोज नेसवू, कसंही करून नेसवू.

सहा वाजले नसतील, मला वास आला. मी पाहिलं. साडी कमरेपासून घोट्यापर्यंत भिजली होती, निऱ्या अंगाला चिकटल्या होत्या. पाठीला आधीच एक जखम धरत होती. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, ओलं घटकाभरही ठेवू नका.

"नाना, खांदा उचला जरासा. सोडनी पडी."

"ऱ्हाऊ दे ना थोडी येळ," नाना म्हणाले. "आत्तेच नेसनी ती."

"पाठ सडी जाई, नाना."

ते उठले. दुसरी साडी होती, पण ती नेसवायला दोन बायका लागत होत्या, आणि मी एकटी होते, वाकले की पोटात कळ यायची. नानांनी खांदे उचलून धरले. मी निऱ्यांना हात घातला तर त्या निघेनात. आत्याबाईंच्या डाव्या हाताची मूठ त्यांच्यावर आवळलेली होती. कधी आवळली, मला कळलं नव्हतं. सातही निऱ्या मुठीत होत्या.

"सोडा, आत्याबाई. ओली व्हयनी ती."

त्या सोडेनात. तोंडातून शब्द नाही, आवाज नाही. डोळे मात्र माझ्यावर होते. आता मला त्यांचं सगळं कळत होतं, शब्दाशिवाय कळत होतं, आणि तरी मला तेच करायचं होतं.

नानांनी मान दुसरीकडे केली. मी अंगठा सोडवला. मग एकेक बोट. त्या बाईच्या अर्ध्या अंगातला सगळा जोर त्या बोटांत उतरला होता, करंगळी सोडवली तर पहिलं बोट पुन्हा मिटायचं. शेवटी मी दोन्ही हातांनी मूठ उघडली आणि निऱ्या ओढून घेतल्या.

मग अंग पुसलं, पावडर लावली आणि मॅक्सीचे बंद बांधले.